पऱ्हाटीतलं शहर

लग्न होऊन मी अकोल्याहून अमरावती-परतवाडा रस्त्याच्या आत असलेल्या एका गावात आले, तेव्हा माझ्याजवळ मराठीतली एम.ए.ची पदवी होती आणि शेतीतलं मला काडीचं कळत नव्हतं. सासरची जमीन काळी, कसदार. पण आमचं वावर गावापासून लांब, नाल्याच्या पलीकडे. दसरा-दिवाळीच्या सुमारास साऱ्या शिवारातला कापूस एकदमच फुटतो आणि वेचणाऱ्या बायांना गावभरातून बोलावणी येतात. आमच्याकडे यायचं म्हणजे चप्पल हातात घेऊन नाला ओलांडा, पुढे चिखलातून पायवाट काढा. बाया साहजिकच रस्त्याकडेच्या वावरांत जात. सासूबाई सकाळीच एकेकीच्या दारात जाऊन उभ्या राहत, गोड बोलत, चहा पाजत, तेव्हा कुठे चार-दोन जणी तयार होत.

त्या वर्षी सासूबाईंचा गुडघा धरला. बायांच्या मागे वावरात राहायचं काम माझ्यावर आलं.

पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. कापूस वेचणं दिसतं सोपं. फुटलेलं बोंड धरायचं, चारी पाकळ्यांतला कापूस एका झटक्यात ओढायचा, पाठीमागच्या झोळीत टाकायचा, की हात पुढच्या बोंडावर. माझ्या हाती कापसाबरोबर निम्मा पालापाचोळाच येई आणि बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलून निघत. बाया पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळी संपवून परत यायच्या, तरी मी पहिल्या ओळीच्या मध्यावरच.

त्यांच्यात एक खाला होती; खाला म्हणजे मावशी, सगळ्या तिला तसंच म्हणायच्या. उंच, ताठ, केस पूर्ण पांढरे. तिचं सासर पिंजाऱ्यांचं. आसपासच्या गावांतल्या गाद्या आणि रजया तिच्या घरच्यांनी भरलेल्या. पुढे लोक परतवाड्यातून तयार गाद्या आणायला लागले आणि खाला वेचणीला यायला लागली. साऱ्या बाया तिचं ऐकत. तिनं माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "सूनबाई, तू लय शिकली म्हनते गाव. हाताचं काम तं तुले काही जमत नाई. मंग तोंडाचं तरी कर. काही सांग आमाले."

"काय सांगू?"

"आता थे बी आमीच सांगाव काय?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. ऑक्टोबरचं ऊन होतं. समोर पांढऱ्या बोंडांची रांग लागलेली, पार उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसेपर्यंत. मला अकोल्यातलं आमचं घर आठवलं. घरामागे मोकळं मैदान होतं आणि उन्हाळ्याआधी तिथे काठेवाडी मेंढपाळ उतरायचे. त्यांच्या बाजा, पोरं, कोंबड्या, सगळा संसार उंटांवर लादलेला असे. मी लहानपणी मागच्या खिडकीतून तासन् तास ते उंट पाहत बसायची. ही माणसं येतात कुठून, या प्रश्नाला वडील एवढंच म्हणत, "लांबून." त्या 'लांबून'मध्ये मी लहानपणीच बरंच काही भरून ठेवलं होतं.

मी म्हणाले, "एक वाळवंट होतं."

"वाळवंट म्हंजे?"

"नुसती रेती. जिकडे पाहाल तिकडे रेती. झाड नाही, झुडूप नाही."

"नदीतली असते तशी?"

"तशीच. फक्त नदी नाही."

"बाप्पा!" एक जण म्हणाली, आणि तिचे हात क्षणभर थांबले. तिथून मला धीर आला.

त्या वाळवंटात मी काही लोक वसवले. ते कधी घर बांधत नाहीत. उंटांवर संसार लादून जन्मभर चालत राहतात. त्यांचं एकच शहर आहे आणि ते पवित्र आहे. ते कुठे आहे हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही, कारण वारा रोज सगळ्या वाटा पुसून टाकतो. आयुष्यात एकदा तरी तिथे पोचावं असं प्रत्येकाला वाटतं. बरेच जण पोचतच नाहीत. एकदा ते लोक पुढे निघून गेले आणि एक तरुण बाई मागे राहिली. तिच्याजवळ एक आंधळी सांडणी होती, म्हणजे उंटाची मादी. त्या सांडणीला घेऊन ती एकटीच शहर शोधायला निघाली.

"शहराचं नाव काय?" रिद्धपूरच्या तीर्थाला नेमानं जाणाऱ्या एका बाईनं विचारलं. टोळीत तिला सगळ्या रिद्धपूरवालीच म्हणायच्या.

मला नाव सुचेना. खरंच सुचेना. म्हणून मी म्हणाले, "त्याचं नाव घ्यायचं नसतं. नाव घ्यायची वेळ आली, की ते लोक छातीवर तळहात ठेवतात आणि गप्प राहतात."

दुपारी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, भाकरी सोडून बसलो, तेव्हा खालानं एकीला विचारलं, "मंग उद्या थे बाई," आणि तिनं छातीवर हात ठेवला, "तिकळे कोन्या अंगानं जाईन?" ऐकणारीला काही अडलं नाही. आपण गंमत म्हणून काढलेलं काहीतरी दुसऱ्याच्या अंगात उतरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना कुणाच्या दारात जावं लागलं नाही. बाया स्वतःहून आल्या. तिसऱ्या दिवशी दोघी नव्या आल्या. त्यांना आधीचा भाग रिद्धपूरवालीनं नाला ओलांडता ओलांडता सांगून टाकला होता. आठवडाभरात रस्त्याकडेच्या वावराची मालकीण सासूबाईंकडे तक्रार घेऊन आली, की तुमच्या सुनेनं बायांना नादी लावलं. सासूबाईंनी तिला चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमची सून बी शिकलेलीच हाय की. तिले म्हना, सांग काही." त्या घटनेनंतर सासूबाई मला रोज डब्यात एक जास्तीची भाकर बांधून द्यायला लागल्या. बोलणाराला भूक जास्त लागते, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला वाटायचं गोष्ट माझी आहे. पण बाया तसं फार दिवस राहू देणार नव्हत्या. मी शहराच्या भिंती सोन्याच्या केल्या, तर खालानं लगेच अडवलं.

"सोनं कायले? चोर येतीन. मंग राखन ठेवा लागीन. शहर कायचं, थे तं तिजोरी झाली."

भिंती रेतीच्या रंगाच्या झाल्या. त्यामुळे त्या लांबून दिसत नाहीत, हेही आपोआप जमलं. मी मधोमध एक देऊळ बांधलं, तर रिद्धपूरवालीनं मान हलवली. "मूर्ती नको. नुसते ओटे पाह्यजेत. कोनी बसलं होतं, कोनी पानी पेलं होतं, थे जागा. तिथं डोकं टेकाचं." तिच्या महानुभाव पंथात असाच नमस्कार करतात, हे मला तेव्हा कळलं. शहरात ओटे आले. विहिरीचं पाणी गोड करायचं की खारं, यावर एक अख्खी दुपार गेली. शेवटी ठरलं, की पाणी गोड, आणि पोहरा कुणाचाही चालेल, कुणी कुणाला आधी भरू दे म्हणून अडवणार नाही. हे खालानं सांगितलं. ती सांगत होती तेव्हा दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. आमच्या गावात विहिरी कशा वाटलेल्या होत्या, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

टोळीत एक जण बोलत नसे. वयानं सगळ्यात लहान, म्हणून तिला लहानी म्हणायच्या. हात सगळ्यांत वेगानं चाले तिचा. आदल्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्यानं जीव दिला होता. वऱ्हाडातली गावं रोज पेपरात येत होती ती वर्षं. जीप गावात शिरली, की पोरं तिला लहानीच्या दाराशी घेऊन जात. येणारे सगळे चांगलेच असत. कुणी साहेब, कुणी संस्थेचे, कुणी कॅमेरा घेतलेले. सगळे तिला तेच विचारत आणि ती तेच सांगे. मग तिला नवऱ्याचा फोटो हातात घेऊन दारात उभं राहायला सांगत. एकदा मी पाहिलं होतं. ती फोटो असा धरून उभी होती, जसं बाजारात कुणी दुसऱ्याची पिशवी सांभाळत उभं राहावं.

गोष्टीतली बाई शहराच्या दरवाजाजवळ येऊन पोचली, त्या दिवशी मी एक दारवान उभा केला. तो आत जाणाऱ्याला प्रश्न विचारतो आणि बरोबर उत्तर आलं तरच सोडतो. काय प्रश्न विचारावा याचा मी विचार करत होते. तीन कोडी तयार होती माझ्याजवळ.

"तो काय इचारते?" रिद्धपूरवाली म्हणाली.

मी तोंड उघडायच्या आत मागच्या ओळीतून लहानी म्हणाली, "तो इचारते, काय खाशीन?"

सगळ्या वळल्या. लहानीचे हात चालूच होते.

"बस?" मी विचारलं.

"बस. तो असं नाई इचारत का तुले काय झालं, कसं झालं, कवा झालं. तो इचारते, काय खाशीन. अन् जे सांगशीन थे देते."

खाला तिच्याजवळ गेली, तिची झोळी भरून वजनदार झाली होती ती सोडवली आणि आपल्या हातानं गाठोड्यात रिकामी केली. "बराबर हाय," ती मला म्हणाली. "थेच ठेव."

मी माझी तिन्ही कोडी टाकून दिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या वावराकडे एक जीप आली. नाल्याशी ती थांबली आणि दोन माणसं चालत आली. एक तालुक्याचा माणूस. तो अशा पाहुण्यांना गावं दाखवायचा. दुसरी मुंबईहून आलेली एक पत्रकार मुलगी. माझ्याच वयाची असेल. चपला हातात, सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, तरी चेहऱ्यावर कुरकूर नव्हती. तालुक्याच्या माणसानं लहानीकडे बोट दाखवलं. "ह्याच त्या, मॅडम."

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "ताई, मी तुमच्याशी थोडं बोलू शकते का? तुमच्या मिस्टरांबद्दल—"

लहानीनं वर पाहिलं. "आता नाई."

"दहाच मिनिटं."

"आता नाई. आता थे बाई दरवाज्यातून आत जाऊन रायली."

"कोण बाई? कुठे?"

लहानीनं छातीवर तळहात ठेवला. तिच्या मागोमाग, न ठरवता, रिद्धपूरवालीनं ठेवला. मग बाकीच्यांनी. वावरभर बाया तशा उभ्या राहिल्या, झोळ्या लोंबत असलेल्या, एकेक हात छातीवर. तालुक्याचा माणूस वैतागला. "अवं, मॅडम मुंबईहून आल्या हायेत!"

"मंग बसाव नं त्याइनं," खाला म्हणाली. "बस बेटा. आयक. नाईतर झोळी बांध अन् वेच."

त्या मुलीनं थोडा विचार केला आणि ओढणीचीच झोळी केली. माझ्याहीपेक्षा वाईट वेचत होती ती. संध्याकाळपर्यंत थांबली, भाकरी खाल्ली, लहानीला एक शब्द विचारला नाही. जाताना फक्त खालाला म्हणाली, "ही गोष्ट तुमच्याकडे कधीपासून सांगतात?" खाला कापसाचं गाठोडं बांधण्यात गुंतलेली होती. ती म्हणाली, "लय दिवस झाले." तिच्या हिशेबानं ते खरंच होतं, वेचणी सुरू होऊन लय दिवस झाले होते.

काही दिवसांनी पेपर आला. माझ्या नवऱ्यानं तो ओसरीवर मोठ्यानं वाचला. वऱ्हाडातल्या कापूस वेचणाऱ्या बाया एका वाळवंटातल्या पवित्र, गुप्त शहराची कथा शेकडो वर्षांपासून एकमेकींना सांगत आल्या आहेत, असं त्यात होतं. छातीवर हात ठेवण्याच्या प्राचीन रूढीवर अख्खा परिच्छेद होता. लेख सुंदर लिहिलेला होता, हे मला कबूल करावंच लागेल.

सासूबाई गहू निवडत होत्या. "शेकडो वर्ष?" त्या म्हणाल्या. "दसऱ्यापासून तं सुरू झाली."

गावात मात्र लेखाचं फार कौतुक झालं. शाळेचे हेडमास्तर घरी येऊन गेले. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं छातीठोक सांगितलं, की ही कथा त्याला त्याच्या आजीनं सांगितली होती, आणि सांडणी आंधळी नव्हती, एका डोळ्यानं तिला दिसत होतं. मी त्याच्याशी वाद घालायला गेले नाही. घरी येऊन मात्र खूप हसले, आणि हसता हसता मला एक गोष्ट पक्की कळली. जे आपण रचलं ते इतकं खरं वाटू शकतं, की लोक त्याला आजी शोधून देतात. त्या दिवसापासून, आपल्याला लिहिता येईल की नाही, ही शंका माझ्या मनात परत कधी आली नाही.

ती मुलगी डिसेंबरात पुन्हा आली, या वेळी टेपरेकॉर्डर घेऊन. तिला सगळी कथा नोंदवून ठेवायची होती. मी तिला धुऱ्यावर बसवलं आणि सरळ सांगून टाकलं, की ही कथा मी रचायला घेतली, या पऱ्हाटीत, या हंगामात, आणि बायांनी ती वाढवली.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी जे छापलं ते सगळं चूक?"

"शहर चूक नाही. वय चूक आहे."

ती हसली नाही. टेपरेकॉर्डर पिशवीत घालू लागली. तेवढ्यात खाला येऊन तिच्याजवळ टेकली. "कावून बेटा, रडासारखं तोंड कावून केलं? लिव का आत्ताची हाय. जुनं असलं तरच चांगलं असते काय? माझ्या सासऱ्यानं भरलेली नवी रजई बी गरमच राहे."

मुलगी हसली, आणि पुन्हा टेपरेकॉर्डर बाहेर काढला. "मग आत्ताची म्हणूनच सांगा." तिनं पुढे पेपरात तसा खुलासाही दिला, छोटासा. गावात तो कुणी वाचला नाही. म्हाताऱ्याची आजी कायम राहिली.

संक्रांतीच्या आसपास शेवटची वेचणी आली. झाडांवर बोंडं थोडी, तीही अर्धवट उमललेली. थंडी चांगलीच होती. बाया स्वेटरवरून झोळी बांधत होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं, की आज गोष्ट संपवायची. मी रात्रभर जागून नाही, पण आदल्या दिवशी स्वयंपाक करता करता शेवट पक्का ठरवून ठेवला होता. वारा फिरतो, शहर वाळूखाली जातं, आणि त्या बाईच्या मागे फक्त गोड पाण्याचा एक झरा उरतो. मला तो शेवट फार आवडला होता.

वावरात शिरताच लहानी म्हणाली, "आज मी सांगते."

मी खालाकडे पाहिलं. खालानं खांदे उडवले. मी म्हणाले, "सांग."

ती वेचता वेचताच सांगत होती. आवाज मोठा नव्हता, पण ऐकू सगळ्यांना जात होता.

"दारवानानं इचारलं, काय खाशीन. तिनं सांगतलं, गरम भाकर अन् वांग्याचं भरीत. त्यानं देल्लं. थे जेवली. मंग झोपली. कोनी उठवलं नाई. कोनी म्हनलं नाई का उठ, कोनी आलं हाय भेटाले. किती झोपली तिलेच ठाव नाई. उठली तं बजार भरला होता. सांडनी सावलीत बांधेल, तिले बी चारा टाकेल. थे बजारात गेली. बांगडीवाल्यापाशी बसली. हात पुढं केला."

एका जणीचे हात थांबले. मग दुसरीचे.

"त्यानं इचारलं नाई का तू कोनाची. त्यानं मनगटाचं माप पायलं. अन् भरल्या. कोपरापर्यंत भरल्या. तांबड्या अन् हिरव्या."

दूर रस्त्यावरून एसटी गेल्याचा आवाज आला. आमच्या भागात नवरा गेल्यावर बाईच्या हाताचं काय होतं, ते मला वेगळं सांगायला नको. लहानीचे हात तेव्हा मोकळेच होते; वेचताना ते वाजत नसत.

"अन् लोकं?" रिद्धपूरवालीनं दबक्या आवाजात विचारलं. "लोकं काय म्हने?"

"लोकं आपापलं काम करून रायले होते."

खालानं विचारलं, "काचेच्या का लाखेच्या?"

"काचेच्या," लहानी म्हणाली. "वाजल्या पाह्यजेत."

"मंग?"

"मंग काही नाई. झाली गोष्ट."

ती झाली म्हणाली म्हणजे झाली. माझा झरा मी तिथेच पऱ्हाटीत सोडून दिला. तो शेवट तिच्या शेवटापुढे किती पुस्तकी होता, हे मला त्याच क्षणी दिसलं, आणि वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं. लिहिणाऱ्याला स्वतःचं टाकून देता येणं ही मोठीच सोय असते.

पुढची हकीकत अशी, की त्यानंतरच्या बाजारादिवशी खाला आमच्या दारात येऊन उभी राहिली. "चाल, परतवाड्याले जाऊ." बाहेर लहानी होती. आम्ही तिघी काळी-पिवळीत, म्हणजे आमच्याकडच्या माणशी भाड्याच्या जीपमध्ये, कोंबून बसलो. खालाच्या भाचीचं परतवाड्यात बांगड्यांचं छोटं दुकान होतं. दुकानाशी आल्यावर लहानी पायरीवरच थांबली.

"खाला, राहू दे."

"कावून?"

"लोकं—"

"तूच म्हनली ना, लोकं आपापलं काम करून रायले?"

"थे तं तिथची लोकं."

खाला म्हणाली, "तिथची लोकं आली कुठून? आपूनच तं बनवली."

लहानी बसली. भाचीनं तिचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचा मऊ भाग दाबून पाहिला, आणि तिच्याशी इकडचं तिकडचं बोलत बोलत एकेक बांगडी चढवत गेली. कापूस वेचून तळवे राठ झाले होते. शेवटच्या दोन चढताना लहानीनं ओठ दाबून धरले. कोपरापर्यंत नाही, पण दोन्ही हात भरले. तांबड्या आणि हिरव्या. ती उठून उभी राहिली आणि उगाचच पदर नीट केला. बांगड्या वाजल्या. मग तिनं पदर पुन्हा नीट केला.

परत येताना तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. गाव जवळ आलं, पार दिसायला लागला, तशी ती सावरून बसली आणि हात बाहेर काढून मांडीवर ठेवले. जीपमधून उतरून ती पारावरून चालत घरी गेली. आम्ही मागे चाललो होतो. पारावर माणसं होती. बोलणं थांबलं आणि ती पुढे गेल्यावर सुरू झालं.

बोललं गेलंच. गावात चार दिवस दुसरा विषय नव्हता. हळदीकुंकवाचं आमंत्रण तिला तसंही नव्हतंच; एक-दोन घरांनी ते आता आवर्जून नाही असं कळवलं. तिची सासू तिच्याशी बोलेनाशी झाली. तीही दुःखातच होती. तिचाच मुलगा गेला होता. एका सकाळी लहानी चुलीपाशी पीठ मळत होती, तेव्हा सासू तिच्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मळतानी काढून ठेवत जाय व. काचा पडतीन पिठात." लहानीनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा ती हसत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

पुढच्या हंगामात मी बायांना समुद्राची गोष्ट सांगायला घेतली. ती सपशेल पडली. समुद्राचं पाणी पिता येत नाही, हे ऐकल्यावर त्यांचा त्या समुद्रावरचा जीवच उडाला. दुसऱ्या दिवशी खाला म्हणाली, "सूनबाई, आज तू वेच, तुले आता वेचता येते." खरंच येत होतं. लहानी त्या वर्षी टोळीची मुकादम झाली. कुणाच्या वावरात जायचं, ने-आण करायला गाडी आहे की नाही, सावलीला जागा आहे की नाही, हे आधी विचारल्याशिवाय ती बायांना पाठवत नसे. पाहुण्यांच्या जीपा येतच राहिल्या. ती त्यांच्याशी बोले, पण स्वतःच्या वेळेनं, आणि नवऱ्याचा फोटो बाहेर न काढता. तो तिनं भिंतीतल्या देवळीत ठेवला होता आणि तिथेच राहू दिला.

ते शहर पुढे माझं पहिलं पुस्तक झालं. शेवटी लढाई किंवा खजिना हवा, असं प्रकाशकांचं मत पडलं. मी त्यांना म्हणाले, शेवट बांगड्यांचाच राहील, छापायचं तर छापा. त्यांनी छापलं. पुस्तक हातात आलं तेव्हा खालाला वाचून दाखवलं. तिनं विहिरीच्या वर्णनात दोन चुका काढल्या. लहानीनं पुस्तक हातात घेऊन पाहिलं, मुखपृष्ठावरची सांडणी तिला आवडली, आणि तिनं ते मला परत दिलं. "यातलं मले सारं ठाव हाय," ती म्हणाली. "नवीन लिवशीन तवा दे."

तेव्हापासून लिहितेच आहे. आता आम्ही अर्धं वर्ष अकोल्यात असतो, अर्धं गावात. दुपारी जेवणं झाली, की सासूबाई सूप घेऊन तूर निवडायला बसतात आणि मी सकाळी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवते. त्या वर पाहत नाहीत, वाहवा करत नाहीत. मी थांबले, की तेवढं म्हणतात, "मंग?" ज्या पानाला त्या 'मंग' म्हणत नाहीत, ते पान मी फाडते आणि उठून चहा ठेवते.